फ्रेंच शिकवायला लूव्र नको, भाजीबाजार पाहिजे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत मागं एक लेख आला होता, परदेशी भाषा आता खेड्यात बसून शिकता येतात, मोठमोठ्या म्युझियमच्या व्हर्च्युअल टूर फुकट आहेत, ॲप फुकट आहेत, तेव्हा शिक्षकाची तशी गरज उरली नाही, असा काहीसा त्याचा सूर होता. आमच्या अभ्यासिकेतल्या पोट्ट्यांनी तो लेख ग्रुपवर टाकला आणि खाली हसायच्या इमोजी, म्हणजे मॅडम आता तुमचं काय? माझं काय व्हायचं, मी तर फुकटच शिकवते! पण लेखातल्या निम्म्या गोष्टी मला एकदम पटल्या आणि निम्म्या वाचून डोकं फिरलं, म्हणून हे लिहितेय. थोडं लांबलं तर कापा, पण बाजाराचा भाग कापू नका.

मी यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातल्या एका गावात राहते. माहेर नागपूरचं, तिथं असताना फ्रेंच शिकले, इथं शाळेत इंग्रजी शिकवते. संध्याकाळी पोलीस भरतीवाले पोरं ग्राउंडवर पळायला गेले की ग्रामपंचायतीच्या अभ्यासिकेची खोली मोकळी होते, तिथं भिंतीवर एक टीव्ही आहे, त्या टीव्हीवर आमचा फ्रेंचचा क्लास चालतो. नववीपासून बीएच्या पोरापोरींपर्यंत सगळे एकत्रच. गावात पहिला प्रश्न हाच असतो, फ्रेंच काऊन शिकता बापा? एकाला हॉटेल मॅनेजमेंट करायचंय, एकीला नर्सिंग करून कॅनडात क्युबेक या फ्रेंच बोलणाऱ्या प्रांतात जायचंय, एकाच्या पुण्यातल्या मावसभावाला बारावीत फ्रेंचमधे मार्क चांगले पडले म्हणून, आणि एक पोरगी अशी आहे की तिला काहीच कारण नाही, तिला नुसतं आवडते. सगळ्यात पुढं तीच आहे.

आता पटलेलं आधी सांगते. फुकट साहित्य खरंच भरपूर आहे आणि चांगलं आहे. टीव्ही फाइव्ह मोंद या फ्रेंच चॅनलची शिकायची साइट आहे, तिथं छोटे व्हिडिओ आणि त्यावरचे प्रश्न, ए-वन (अगदी नवखे) पासून बी-टू (बऱ्यापैकी बोलणारे) पर्यंत लेव्हल लावून ठेवलेत, एक पैसा लागत नाही. आरएफआय या रेडिओचं सोप्या फ्रेंचमधलं बातमीपत्र आहे, दहा मिनिटांचं, सोबत लिहिलेला मजकूरही मिळतो, आणि पॉडकास्ट असल्यामुळं ते शाळेच्या वायफायवर उतरवून घेता येते. हे महत्त्वाचं आहे, कारण आमच्या पोरांचा दिवसाचा दीड जीबी संध्याकाळपर्यंत रील्समधे संपलेला असतो. मी शिकले तेव्हा नागपुरात एका कॅसेटवर सगळा वर्ग चालायचा आणि ती कॅसेट मधेच अडकायची, त्या मानानं आजचं पोरगं खूप श्रीमंत आहे.

माझं भांडण आहे ते म्युझियमशी. म्हणजे म्युझियम वाईट असं नाही. पॅरिसच्या लूव्र म्युझियमनं २०२१ मधे त्यांच्या ४ लाख ८० हजारांच्या वर कलाकृती ऑनलाइन खुल्या केल्या, तिथल्या काही दालनांत घरबसल्या फिरता येते, व्हर्सायच्या महालाचं आरसे महाल दालनसुद्धा बघता येते, ३५७ आरसे आहेत त्यात, आणि ७३ मीटर लांब. हे सगळं मी दाखवलंय. पोरं गप्प बसून बघतात, अगदी शहाण्यासारखी. आणि झालं की विचारा, काय वाटलं, फ्रेंचमधे सांगा, तर सगळ्यांचं एकच, "त्रे बो!", म्हणजे खूप सुंदर, आणि संपलं. पुढं बोलणार काय? म्युझियममधे माणूस बोलतच नाही हो, खऱ्या म्युझियममधेसुद्धा नाही. तिथं जे लिहिलेलं असते ते इतकं अवघड असते की माझीच दांडी उडते, मग ए-वनच्या पोराला त्यातून काय मिळणार? एक तास गेला, पोरं खूश, मॅडम खूश, आणि भाषा जिथं होती तिथंच. सिनेमा दाखवला तरी एवढं होतेच.

म्हणून मी म्युझियम सोडून रस्त्यावर आले. पॅरिसच्या पाचव्या वॉर्डात म्हणा, र्यू मुफ्तार नावाची जुनी चढाची गल्ली आहे, खालच्या टोकाला सँ मेदार चर्च आणि त्याच्या आसपास भाजी, चीज, मासळी, ब्रेड अशी दुकानं. गुगल मॅपच्या स्ट्रीट व्ह्यूत, म्हणजे रस्त्यांच्या चहूबाजूच्या फोटोंत, ती सगळी दिसते. आम्ही प्लास मोंज मेट्रो स्टेशनच्या बाहेर उभं राहतो, एक पोरगं माउस धरते, बाकीच्यांनी त्याला फ्रेंचमधे सांगायचं कुठं जायचं, आणि नियम एकच, माउसवाला सांगितल्याबाहेर एक पाऊल टाकणार नाही. चुकीचं सांगितलं तर चुकीच्या गल्लीत. आता फ्रेंचमधे "तू द्र्वा" म्हणजे सरळ आणि "आ द्र्वात" म्हणजे उजवीकडे, शेवटच्या त चा काय तो फरक. पुस्तकातून हे मी कितीदा फळ्यावर लिहिलं असेल, कोणाच्या डोक्यात शिरलं नाही. पण इथं एकानं सरळ म्हणायच्या जागी तो त लावला, माउसवाल्यानं इमानदारीत उजवीकडं वळवलं, समोर कोणाच्या तरी बंगल्याचं बंद फाटक, आणि वर्गात असा आरडाओरडा की बाहेरून सरपंच डोकावून गेले. तो त आता कोणी विसरत नाही.

पहिल्या दिवशी एका पोट्ट्यानं विचारलं, "मॅडम, या लोकायचे तोंडं काऊन पुसले?" स्ट्रीट व्ह्यूमधे चेहरे आणि गाड्यांचे नंबर मशीनच धूसर करते, प्रायव्हसीसाठी, आणि कधीकधी ती मशीन पुतळ्याचंही तोंड पुसून टाकते. मग पुतळे शोधायचा कार्यक्रम झाला, तोही फ्रेंचमधेच, डावीकडं बघ, वर बघ, मागं जा. मी असं काही ठरवलं नव्हतं, पण आज्ञार्थ पक्का झाला.

बाजाराचं तर विचारूच नका. आमच्या पोरांना बाजार समजतो, ती आठवडी बाजारात आईसोबत पाल मांडून बसलेली आहेत, मोनालिसाशी त्यांचा संबंध नाही पण सांबाराच्या जुडीशी आहे. (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी, आमच्याकडं कोथिंबिरीला सांबार म्हणतात, इडलीसोबतचं नव्हे.) फ्रेंच भाजीवाल्याच्या पाटीवर भाव किलोनं असतो, नगानं असतो किंवा जुडीनं असतो, अडीच युरो असेल तर टिंबाच्या जागी स्वल्पविराम देऊन लिहितात, आणि माल कोणत्या देशातून आला तेही पाटीवर लिहावं लागते, तसा तिकडं कायदा आहे. स्ट्रीट व्ह्यूत पाट्या नेहमी वाचता येत नाहीत, मग तिथल्या सुपरमार्केटच्या साइटवर जायचं, कार्फूर वगैरे, भाव दिसतात. मी त्यांना पन्नास युरो देते, अर्थात कागदावरचे, आणि चार माणसांचा आठवड्याचा किराणा-भाजी भरायला सांगते. दोघं दुकानदार, बाकी गिऱ्हाईक. इतकी घासाघीस होते, आणि घासाघीस करायची तर बोलावंच लागते, नुसतं त्रे बो म्हणून टमाटे स्वस्त होत नाहीत. फ्रान्सच्या दुकानात अशी घासाघीस चालत नाही हे मी सांगते, पण कोणी ऐकत नाही, आणि मीही फार ताणत नाही.

उच्चारासाठी एक युक्ती सांगते, कोणालाही जमेल. फोनच्या कीबोर्डमधे फ्रेंच भाषा टाकायची आणि माइकचं बटण दाबून बोलायचं. फोननं बरोबर टाइप केलं तर तुमचा उच्चार बऱ्यापैकी आहे. फ्रेंचमधे पँ म्हणजे ब्रेड आणि पाँ म्हणजे मोर, दोन्ही नाकातले, तोंड थोडं जास्त उघडलं की ब्रेडचा मोर होते. आमच्या एकीनं बेकरीत जाऊन दोन मोर मागितले, फोननं तसंच लिहून दाखवलं. मी दहावेळा चूक दाखवली असती तर तिला राग आला असता, फोनचा राग येत नाही, ती घरी जाऊन रात्री फोनशी भांडत बसली आणि दुसऱ्या दिवशी ब्रेड घेऊन आली.

आता म्युझियमवाल्या लेखकाला वाटेल ही बाई इतिहासाच्या विरोधात आहे. तसं नाही. इतिहासातही पोरांना बोलायला लावणाऱ्या जागा आहेत. पॅरिसच्या नोत्र दाम चर्चला १५ एप्रिल २०१९ ला आग लागली, मनोरा कोसळला, आणि डिसेंबर २०२४ मधे चर्च पुन्हा उघडलं. कॉम्प्युटरवर स्ट्रीट व्ह्यूमधे जुन्या तारखांचे फोटो काढता येतात. आगीआधीचा, कुंपण आणि क्रेन असलेला, असे फोटो बाजूबाजूला ठेवले की फ्रेंच भूतकाळ आपोआप लागतो, इथं मनोरा होता, लोक आत जात होते, मग जळालं, आता पुन्हा आहे. फ्रेंचमधे "होता" आणि "झालं" यांचे भूतकाळ वेगळे आहेत, त्यावर पोरं महिनोन् महिने रडतात, या फोटोंनी निम्मं रडणं वाचलं.

आणि लास्को. दक्षिण-पश्चिम फ्रान्समधली चित्रांची गुहा, सप्टेंबर १९४० मधे चार पोरांना सापडली, आतली चित्रं १७ हजार वर्षांच्या आसपासची. लोकांची इतकी गर्दी झाली की माणसांच्या श्वासानं, ओलाव्यानं भिंतींवर शेवाळ चढायला लागलं आणि १९६३ मधे ती गुहा बंद केली, आजही बंदच आहे. आता जे बघायला मिळते ती जवळच बांधलेली प्रतिकृती, किंवा मग सांस्कृतिक मंत्रालयाच्या साइटवरची व्हर्च्युअल गुहा. म्हणजे पॅरिसमधलं पोरगंही खरी गुहा बघू शकत नाही आणि दारव्ह्याचंही नाही, दोघं एकाच स्क्रीनसमोर. आमच्या पोरांना याचं फार अप्रूप वाटलं. शाळेची सहल अजिंठ्याला गेलेली असते, तिथंही आत लोकांना सांभाळून सोडतात हे त्यांनी पाहिलेलं असते, तेव्हा काऊन बंद केली हा प्रश्न त्यांना फ्रेंचमधे समजावून सांगावा लागला नाही, उत्तरं मात्र त्यांनी फ्रेंचमधे दिली, मोडकीतोडकी का होईना.

फ्रेंच म्हणजे पॅरिस हे जे डोक्यात बसलंय ना, ते त्या लेखातही होतं. अहो, फ्रेंच बोलणाऱ्यांच्या जागतिक संघटनेच्या २०२२ च्या अहवालात ३२ कोटींच्या वर लोक फ्रेंच बोलतात असं दिलंय आणि रोज बोलणाऱ्यांत निम्म्याहून जास्त आफ्रिकेत आहेत. आणि आफ्रिकेत कोण? बेनिन, बुर्किना फासो, चाड, माली, हे सगळे कापसाचे देश! २००३ मधे या चौघांनी मिळून जागतिक व्यापार संघटनेत मुद्दा मांडला होता की श्रीमंत देश आपल्या कापूसवाल्यांना सबसिडी देतात म्हणून आमचा भाव पडतो. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा पोरं पहिल्यांदा सरळ होऊन बसली. वेचणी तिथंही हातानं, हंगामही जवळपास आपलाच. वेचणीच्या दिवसात आमच्या वर्गात अर्धे पोरं नसतात, शेतात असतात, त्या अर्ध्यांसाठी मी बेनिनच्या कापसाच्या बातम्या आणि व्हिडिओ ठेवते, रात्री बघतात.

एकदा एका पोराचे वडील त्याला न्यायला आले आणि दारातच उभे राहिले. टीव्हीवर बेनिनच्या भावाची बातमी होती, तिथं हंगामाला सरकार किलोचा भाव जाहीर करते, सीएफए फ्रँक या तिकडच्या चलनात. ते म्हणाले, "हा भाव कापसाचा हाय का रुईचा?" मला खरंच लक्षात आलं नव्हतं विचारायचं. पोरांनी बातमी पुन्हा लावली, थांबवून थांबवून वाचली, तिथं लिहिलं होतं "कोतों ग्रेन", म्हणजे सरकीसकटचा कापूस, रुई नाही. मग हिशोब सुरू, एका युरोला ६५५.९५७ सीएफए फ्रँक असा बांधलेला दर, युरोचे रुपये, किलोचे क्विंटल, आणि समोर आपला २०२५-२६ चा हमीभाव, क्विंटलला मध्यम धाग्याचे ७७१० आणि लांब धाग्याचे ८११० रुपये. त्यांचा भाव आपल्यापेक्षा पुष्कळ कमी निघाला. वडील म्हणाले, "हमीभाव कागदावर हाय, तेच्यावर काय नाचता, आमच्या हातात काय पडते ते इचारा" आणि पोराला घेऊन गेले. पण त्या दिवशी ज्या नेटानं सगळ्यांनी ती फ्रेंच बातमी वाचली तसं कोणत्याही राजाच्या महालावर वाचलं नव्हतं.

आता शिक्षक लागतो की नाही याबद्दल. डेल्फ नावाची फ्रेंचची परीक्षा आहे, सर्टिफिकेट आयुष्यभर चालते, शंभरपैकी ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं प्रत्येकी २५ मार्क, पास व्हायला ५० आणि प्रत्येक भागात किमान ५. बोलायच्या भागात समोर जिवंत माणूस बसलेला असते आणि तो तुम्हाला मधेच अडवून विचारतो. ॲप अडवत नाही, टूर तर अजिबात अडवत नाही. आमच्या बाजूच्या गावातल्या एका मुलीच्या घरच्यांनी कुठल्याशा ऑनलाइन कोर्सला चांगले हजारांत पैसे भरले, रेकॉर्ड केलेले व्हिडिओ आणि 'फ्रान्सची सफर', दोन्ही तिनं इमानानं पूर्ण केलं, सर्टिफिकेटही आलं रंगीत. माझ्याकडं आली तेव्हा तुझं नाव काय विचारलं तर तिला कळलं, उत्तरही माहीत होतं, पण तोंडातून आवाज निघेना, कारण तोवर तिला कोणी विचारलंच नव्हतं. पोरगी हुशार आहे, आता बोलते, पण ते पैसे गेलेच ना.

दुसरं असं की बहुतेक ॲप फ्रेंच शिकवतात इंग्रजीतून. आमच्या पोराला आधी इंग्रजी अडते, मग फ्रेंच. मराठीतून सांगितलं तर कितीतरी गोष्टी सोप्या आहेत, तू आणि तुम्हीचा भेद तिकडंही आहे, निर्जीव वस्तूला लिंग असते हे मराठी पोराला नवं नाही, इंग्रजीतून शिकणाऱ्याला त्याचा धक्का बसतो. हे सांगायला माणूस लागतो, आणि मराठीतून फ्रेंच शिकवणारं धड साहित्य कोणी ऑनलाइन टाकलं तर मी त्याच्या पाया पडेन.

बाकी अडचणी तुम्हाला माहीतच आहेत, लाईन जाते, पावसाळ्यात तर विचारू नका. स्ट्रीट व्ह्यू डाउनलोड होत नाही, म्हणून मी चौकाचौकाचे स्क्रीनशॉट काढून ठेवते आणि झेरॉक्स मारते, लाईन गेली की तेच कागद जमिनीवर ओळीनं मांडायचे आणि त्यावरून पोरांनी पायानं चालायचं, एकानं सांगायचं दुसऱ्यानं चालायचं. कधीकधी वाटते टीव्हीपेक्षा हेच बरं चालते. पण तालुक्यात कितीतरी शाळांमधे कॉम्प्युटरच्या खोल्या आहेत, मशीन आहेत, आणि शाळा सुटली की त्यांना कुलूप लागते ते दुसऱ्या दिवशी उघडते, किल्ली कोणाकडं हे शोधण्यात संध्याकाळ जाते. संध्याकाळचे दीडदोन तास या खोल्या कोणाच्या तरी जबाबदारीवर उघड्या ठेवा, फ्रेंचसाठीच असं नाही, कशासाठीही, एवढं तुमच्या पेपरनं लावून धरलं तर बरं होईल. परीक्षेला मोठ्या शहरात जावं लागते, फी वेगळी, गाडीभाडं वेगळं, मुक्काम वेगळा, त्यावरही कोणीतरी लिहावं.

आणि एक विनंती तुमच्या बाहेरगावच्या वाचकांना. विदर्भातली बरीच पोरं आज फ्रान्समधे, क्युबेकमधे शिकतात, नोकरी करतात, त्यांचे आईवडील हा पेपर वाचतात हे मला माहीत आहे. त्यांना सांगा, आठवड्यातून अर्धा तास व्हिडिओ कॉल करा आणि फोन हातात धरून तुमच्या कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालत जा, बस. आमचा क्लास सातला सुरू होतो, तेव्हा फ्रान्समधे दुपारचे साडेतीन असतात, हिवाळ्यात अडीच. ब्रेड घ्या, बसचं तिकीट काढा, पोस्टात जा, काहीही करा, फक्त आमच्या पोरांनी विचारलं की मराठीत उत्तर देऊ नका. ज्यांना जमेल त्यांनी तुमच्या कार्यालयात नाव द्यावं, तिथून मी घेईन.

आपली,
एक फ्रेंच शिकवणारी वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ